मांडे मीच करते

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.

ही डायरी एका पतसंस्थेनं फुकट वाटलेली. पतसंस्था संक्रांतीला बंद पडली, पण कागद चांगला आहे. पुढच्या पानांवर दूध, गॅस, इस्त्री. मागून उलटं लिहिते ते माझं. हे कोणी वाचायचं नाही. यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा कुठे असतो ते फक्त मला माहीत आहे.

आज देवळात कीर्तन ऐकलं. रामानं शब्दासाठी राज्य सोडलं. ऐकताना वाटलं, धुळ्यात आमच्या देवपूरच्या गल्लीत शब्दाची पक्की बाई कोण, असं विचारलं तर लोक माझंच नाव घेतील. निदान मागची सुगंधाबाई घेईल.

संकल्प: रोज एक तरी शब्द तोलून लिहायचा. मॅट्रिकला मराठीत अडुसष्ट मार्क होते, वाया का घालवायचे.

आजचे: विश्वास आणि भरवसा. विश्वास देवावर. भरवसा दूधवाल्यावर. विश्वास ठेवला की झोप लागते. भरवसा ठेवला की उठून पातेलं पाहावं लागतं.

८ एप्रिल, मंगळवार. दुपारी १.

चोपड्याहून विहीणबाईंचा फोन. धुरपदाबाई, म्हणजे आमच्या कामिनीच्या सासूबाई. म्हणाल्या, पोरीची लग्नानंतरची पहिली अक्षय्य तृतीया, पहिली आखाजी, मी स्वतः तिला घेऊन येते. आणि मांडे खाल्ल्याशिवाय परत जात नाही हं. साखरपुड्यापासून नुसतं ऐकतेय!

ऐकलंय हे खरं. साखरपुड्यात मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं होतं, आमच्याकडे खापरावरचे मांडे मीच करते. त्यात खोटं काय? घर माझं. पुरण माझं. गूळ मी चाखून आणते. ताटात मीच वाढते. फक्त मांडा हातावर फिरवून पालथ्या खापरावर टाकायचं जे मधलं काम आहे, तेवढं मागच्या भिंतीपलीकडे सुगंधाबाई करते आणि टोपलीत घालून भिंतीवरून देते. सहा वर्षं झाली. तिनं कोणाला सांगितलं नाही. मीही तिला सांगू नको असं कधी म्हटलं नाही.

खोटं बोलणं वेगळं आणि पूर्ण न सांगणं वेगळं. पहिल्यात पाप लागतं. दुसऱ्यात वेळ वाचतो.

काळजी नाही. सुगंधाबाई आहे.

११ एप्रिल, शुक्रवार.

सुगंधाबाई नाही.

भडगावहून तिचा भाऊ झुलाल आला. पंधरा वर्षं बहीण-भावाचं बोलणं बंद होतं. आज दारात उभा राहिला आणि म्हणाला, अक्का, आखाजीला चल. ती भिंतीपाशी येऊन तीनदा म्हणाली, मन्हा भाऊ माले लेवाले उना, कोकिळा! साठीची बाई, पण परकरातल्या पोरीसारखा चेहरा झाला होता.

आखाजीला बाई माहेरी जाते हे मला कोणी सांगायला हवं का? माझी पोर त्याचसाठी येतेय. पण सुगंधाबाईलाही माहेर असेल, हे मी सहा वर्षांत लक्षातच घेतलं नव्हतं.

बावीस तारखेला निघणार. मी नुसतं म्हटलं, आखाजीला विहीणबाई येताहेत. तिला लगेच समजलं. म्हणाली, थांबू का? थांबली असती. माझ्या तोंडावर हो आलंही होतं. पण पलीकडे झुलालभाऊ बशीत चहा ओतून माझ्याकडेच बघत होता.

म्हटलं, तू जा. मला येतात मांडे.

सुगंधाबाईनं पदर तोंडावर धरला. उन्हानं धरला असावा. मग म्हणाली, विहीणले खरं सांगी टाक. मी म्हटलं, मी खोटं बोललेच नाही, तर खरं काय सांगू?

आजचा: खात्री. ही दुसऱ्याकडून मिळत नाही. स्वतःची स्वतः करून घ्यावी लागते. मी घेतली.

१३ एप्रिल, रविवार.

सुगंधाबाईकडे शिकवणी. तिनं दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरलं, कडा दाबल्या, पुरीएवढं लाटलं. मग दोन्ही हातांवर घेतलं आणि या कोपरापासून त्या कोपरापर्यंत फिरवत नेलं. बघता बघता मांडा ओढणीसारखा पातळ. अलगद खापरावर. म्हणाली, आता तू कर.

मी म्हटलं, आज नुसतं बघते. बघून निम्मं येतं.

म्हणाली, तुले जमाव नही.

ती अहिराणीच बोलते. त्यातलं मला लागेल तेवढं मी घेते.

संकल्प: उद्यापासून रोज पाच मांडे.

१५ एप्रिल, मंगळवार.

काल सोमवार होता, उपासाच्या दिवशी नवीन काम नको. म्हणून आज.

कुंभाराकडून खापर आणलं. तो म्हणाला, खात्रीचा माल, ताई. दुपारी दोनला गच्चीवर चूल मांडली, तेव्हा सगळी गल्ली झोपलेली असते. बेचाळीस डिग्री. वरून ऊन, खालून जाळ. खापर तापलं, मी कणकेचा पहिला गोळा हातात घेतला आणि खापराचे दोन तुकडे झाले.

दोष कुंभाराचा. खात्रीचा माल असं ज्याला तोंडानं सांगावं लागतं, तो तसा नसतो.

१७ एप्रिल, गुरुवार.

दुसरं खापर. पहिला मांडा डाव्या कोपराला लटकून राहिला. दुसरा खापर ओलांडून यांच्या वाळत घातलेल्या बनियनवर बसला. तिसरा भाजला गेला. आकार धुळे जिल्ह्यासारखा, शिरपूर तालुका वेगळा पडलेला.

अन्न टाकायचं नाही. यांना वाढला. हे म्हणाले, हे काय आहे? म्हटलं, मांडा. म्हणाले, बरं. आणि खाल्ला.

यालाच श्रद्धा म्हणतात. समोर काही दिसत नसतानाही बरं म्हणायचं.

१९ एप्रिल, शनिवार. दुपारी ३.

शेजारची बेबाबाई धूर बघून थेट गच्चीवर. काय जळतंय वं कोकिळाताई? मी खापरावर घमेलं उपडं घातलं आणि म्हटलं, होम केला. कसला होम? म्हटलं, शांतीचा. कामिनीच्या संसारासाठी.

आतून आपोआप आलं ते. बेबाबाई हात जोडून म्हणाली, प्रसाद?

तीन दिवसांचे फसलेले मांडे मी कुटून, तूप-गूळ घालून लाडू वळून ठेवले होते. दोन दिले. म्हणाली, काय चव आहे, होमाचीच चव!

आजचे: थाप आणि प्रसंगावधान. थाप घरून ठरवून निघते. प्रसंगावधान जागेवर सुचतं. मी आयुष्यात थाप मारलेली नाही.

२१ एप्रिल, सोमवार.

कामिनीचा फोन. रडवेली. मम्मी, माझ्या संसाराला काय झालंय? बेबामावशीच्या बहिणीनं इथे चोपड्यात सांगितलं की तू माझ्यासाठी शांती केलीस. सासूबाई सकाळपासून माझ्याकडे बघून गप्प होतात!

म्हटलं, काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून केली. म्हणाली, मम्मी, खरं सांग. म्हटलं, मांडे कसे खायचेत, आमरसाबरोबर की दुधाबरोबर?

पोर हट्टी आहे, पण खरं बोलणारी आहे. लहानपणापासून मीच शिकवलं, काही झालं तरी खरंच बोलायचं. सासरी तिच्या शब्दाला किंमत आहे ती उगाच नाही.

आजचे: शंका आणि संशय. शंका आपल्याला येते. संशय लोक घेतात.

२२ एप्रिल, मंगळवार.

सुगंधाबाई गेली. रिक्षा उभी असताना भिंतीपाशी आली आणि स्वतःचं खापर माझ्या हातात दिलं. काळंकुळकुळीत, गुळगुळीत. तिच्या सासूच्या वेळचं. म्हणाली, नवं खापर दगा देस. हाई नही देवाव. जपजो.

मी म्हटलं, भरवसा ठेव.

त्यानंतर चारदा उठून पाहून आले, जागेवर आहे ना म्हणून.

२५ एप्रिल, शुक्रवार.

पाच दिवस राहिले. आजचे मांडे: सहा. फाटले: पाच. सहावा फाटला नाही, कारण तो भाकरीएवढा जाड होता. लाडूंचे दोन डबे भरले. हे म्हणाले, आता साधी पोळी मिळेल का?

दुसरा बेत: हात भाजला म्हणायचं. हळद लावून, पट्टी बांधून बघितली. रंगीत तालीम म्हणून यांच्यासमोर गेले. हे घाबरून मेडिकलवर धावले, मलम आणलं, आणि आजची सगळी भांडी घासली. अपराधी वाटलं. भांडी मात्र लखलखीत निघाली.

हा बेत सोडला. विहीणबाई मलम घेऊन आल्या आणि पट्टी सोडली, तर?

२८ एप्रिल, सोमवार.

खरंच भाजलं. उजव्या हाताची दोन बोटं, टरारून फोड. ओरडत खाली आले. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, पुन्हा?

मलम मीच लावलं.

२९ एप्रिल, मंगळवार.

एकविरेला गेले. नारळ फोडला आणि बोलले, आई, उद्या एक तरी मांडा गोल होऊ दे, तुझी ओटी भरीन. आणि विहीणबाईंना वाईट वाटू नये एवढ्यासाठीच मागते, माझ्यासाठी काही नाही. देवीला सगळं माहीत असतं, म्हणून जास्त खुलासा केला नाही.

खरं सांगून टाकावं असंही एकदा मनात आलं. मग कामिनीचा विचार आला. जिची आई साखरपुड्यात सगळ्यांसमोर बोलली ते फोल निघालं, तिला उद्या सासरी कोण मानणार? आईचा शब्द पडला की मुलीचाही पडतो. तेव्हा उद्या मांडे झालेच पाहिजेत.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. संध्याकाळी ६.

लिहायला हात नाही. दोन बोटांत पेन धरून लिहिते.

पहाटे पाचला खापर तापवलं. अकरा मांडे झाले. चार फाटके, सहा जाड. एक गोल, तो देवीला दाखवून आले. बाकीचे घडी घालून, फाटलेली बाजू आत करून ठेवले. वरून तूप.

विहीणबाई आल्या. कामिनी मजेत, अंगानं भरलेली. पान वाढलं. आमरस, कुरडई, भजी, कटाची रशी, मांडा. विहीणबाईंनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. पाणी प्यायल्या. मग हळूच म्हणाल्या, सुगंधाबाईंचा हात आज जड पडला का हो?

माझ्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. म्हटलं, कोण सुगंधाबाई?

कामिनी म्हणाली, मम्मी, मी त्यांना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आईला मांडे येत नाहीत, मागच्या सुगंधामावशी करून देतात. तूच शिकवलंस ना, खरं बोलायचं!

चार महिने त्यांना माहीत होतं. चोपड्यात सगळ्यांना माहीत होतं. मी गच्चीवर उन्हात भाजत होते तेव्हाही.

विहीणबाईंना राग नव्हताच. हसून म्हणाल्या, अहो, कोणी काय बोलतं, कोणी काय, सोयरिकीत तेवढं चालतं. मी तर सुगंधाबाईंनाच भेटायला आले होते. पुतणीच्या लग्नात साठ पाहुण्यांना मांडे करायचेत, त्यांनाच सांगायचं ठरवलं होतं. पण आता... आणि ताटातल्या मांड्याकडे बघून म्हणाल्या, बघू. कळवते.

तेव्हा मात्र मी तुपाची वाटी खाली ठेवली. सुगंधाबाई तिकडे भडगावला भावाच्या घरी पोरींचे आखाजीचे झोके बघत बसली असेल, आणि इकडे माझ्या मांड्यांनी तिचं नाव गेलं.

मी सांगून टाकलं. स्पष्ट. हे मांडे सुगंधाबाईंचे नाहीत. त्या माहेरी गेल्यात. हे मी केलेत. म्हणून असे झालेत.

विहीणबाईंनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, दुसऱ्याची चूक अंगावर घेणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. काय तुमचं इमान, विहीणबाई!

मी भाजलेली बोटं दाखवली. म्हणाल्या, पोळ्या करतानाही भाजतं हो.

यांना साक्षीला बोलावलं. हे म्हणाले, हिनंच केलेत. तेरा दिवस मी हेच खातोय. विहीणबाई हसून म्हणाल्या, भाऊ बायकोची बाजू घेणारच. कामिनी म्हणाली, पप्पा, तुम्ही पण?

गेल्या. कामिनी आठ दिवस राहणार.

आजचा: इमान. मिळालं, पण चुकीच्या बाईला. की बरोबर बाईला, चुकीच्या कारणानं? मॅट्रिकला असा प्रश्न आला नव्हता.

३ मे, शनिवार.

सुगंधाबाई परतली. भावानं नेसवलेली हिरवी साडी अंगावर. माझ्यासाठी डब्यात सांजोऱ्या. खापर बघितलं, हात फिरवला, खूश झाली. मग हळू आवाजात म्हणाली, चोपड्यानी बाई काही बोलनी का? कामिनीनं तिला पुतणीच्या लग्नाचं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. झुलालभाऊसमोर ती बोलूनही बसली होती, मला साठ पानांचं बोलावणं आहे.

सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, खोटं नको बोलू. अकरा मांडा तू करात?

म्हटलं, देवाशपथ.

म्हणाली, तुनी देवाशपथ मी सहा वरीस आयकी ऱ्हायनू.

मग कामिनीनं तोड काढली. उद्या सकाळी विहीणबाईंना व्हिडिओ कॉल. त्यांच्यासमोर मी मांडा करायचा. तो फाटला की सिद्ध होईल, आखाजीचे मांडे माझेच होते. सुगंधाबाई सुटली.

चांगली तोड आहे. मांडा फाडणं मला जमतं. यात तरी मी कमी पडणार नाही.

४ मे, रविवार. सकाळी १०.

सुगंधाबाईच्या अंगणात चूल. कामिनीनं फोन धरला. विहीणबाई पडद्यावर, मागे त्यांच्या दोन जावा. मी देवीचं नाव घेतलं आणि मांडा हातावर घेतला. मुद्दाम काही केलं नाही. नेहमीसारखाच फिरवला.

फिरला. या कोपरापासून त्या कोपरापर्यंत. ओढणीसारखा. अलगद खापरावर बसला. गोल. पुरण आरपार दिसत होतं. सुगंधाबाई म्हणाली, अवं माय!

चोपड्यात टाळ्या. विहीणबाई म्हणाल्या, अहो, तुम्हाला तर खरंच येतात! म्हणजे कामिनीच चुकली. आणि आखाजीचे ते जाड मांडे सुगंधाबाईंचेच होते! फोन ठेवला त्यांनी.

दुसरा मांडा माझ्या कोपराला लटकला. तो कोणी बघितला नाही.

कामिनी माझ्याशी बोलत नाहीये. तिचा शब्द सासरी पहिल्यांदा खोटा ठरला.

देवी त्याच नवसाला दुसऱ्यांदा पावली. आता ओटी भरणं आलं.

५ मे, सोमवार.

विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, कालचा एक चुकून झाला, मला मांडे येत नाहीत, लग्नाला सुगंधाबाईंनाच बोलवा. म्हणाल्या, किती तो नम्रपणा! आता तुम्हीच या.

स्पीकर चालू होता. भिंतीपलीकडे सुगंधाबाईनं सगळं ऐकलं. गहू निवडता निवडता म्हणाली, कोकिळा, तू आपलं नेहमीसारखंच बोल. त्यातलं खरं लोकेसले बराबर समजस.

अपमान वाटला. पण विचार केला.

६ मे, मंगळवार. सकाळी ९.

फोन केला. नेहमीसारखं, ठासून सांगितलं. विहीणबाई, साठ पानांचे मांडे मीच करते. एकटी. दुसऱ्या कोणाचा हातसुद्धा लागणार नाही.

म्हणाल्या, बरं बरं. मग असं करा, सुगंधाबाईंना सोबत घेऊनच या. आखाजीला त्यांच्या खापरावर कोणी दुसरंच बसलं असेल, असं मला आता वाटायला लागलंय.

कामिनी हसली. दोन दिवसांनी.

चौदा तारखेला चोपडा. सुगंधाबाईनं गहू ओलवायला काढलेत. मी विचारलं, माझ्याकडे काय काम? म्हणाली, तू चुल्हामा सरपण लाय.

आजचा शब्द: विश्वास. खूप तोलला. रात्रीच्या वळवानं सरपण भिजलंय, ते आधी उन्हात टाकून येते.